लोणारचा खार : चिखलात उतरलेल्या माणसांचा इतिहास

खाण म्हटलं की आपल्याला चांद्याकडचं लोखंड आठवतं, धनबादचा कोळसा आठवतो. लोहाऱ्याच्या डोंगरातल्या लोखंडाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि तिथून त्यांच्या डोक्यात पोलादाचा कारखाना शिरला, हे पुस्तकात येतं. बुलढाणा जिल्हा पुस्तकातल्या त्या पानावर नाही. आमच्याकडं लोखंडाची खाण नाही. आमच्याकडं काळा पाषाण, त्यावर काळी माती, तीत कापूस आणि ज्वारी. म्हणून आमच्याकडं खाणकामगारांचा इतिहास नाही, असं कोणी म्हणालं तर मात्र मी भांडायला तयार आहे.

मेहकरच्या खाली लोणार आहे. जगभरचे लोक ते पाहायला येतात. वरून एक दगड पडला आणि पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा वाडगा झाला. काठावरून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास उतार. तळाशी तळं, आणि त्याचं पाणी असं खारट-तुरट की मासा जगत नाही. ह्या तळ्यात शेकडो वर्षं खाणकाम चाललं. कुदळ-पहारीचं नव्हे, हातापायाचं. माणसं चिखलात उतरून खार काढीत होती. मिठाचा भाऊ, पण मीठ नव्हे. त्याला सोडा म्हणा, पापडखार म्हणा. ह्या खाराला भाव होता, मक्तेदार होता, त्याच्यावर कर होता. अकबराच्या दरबारात त्याची नोंद झाली. आणि ज्याच्या पायाची कातडी त्यात गेली त्याचं नाव कुठंच नाही.

ती नोंद सांगून टाकतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझलनं 'ऐन-इ-अकबरी' लिहिली. वऱ्हाडाची माहिती देताना तो लोणारवर थांबतो. इथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, सोऱ्याचं काम चालतं आणि त्याच्या जकातीतून सरकारला चांगला पैसा येतो, अशा अर्थाचं तो लिहितो. ब्राह्मण ह्या जागेला विष्णुगया म्हणतात हेही तो सांगायला विसरत नाही. बघा, एवढ्याशा नोंदीत कोण कोण बसले : बादशहा बसला, जकात बसली, ब्राह्मण बसला, विष्णूही बसला. काच आणि साबण आपोआप झाले असतील.

विष्णूचं प्रकरण इथं नुसतं देवळापुरतं नाही. गावात दैत्यसूदनाचं मोठं देऊळ आहे, कोरीव काम बघण्यासारखं. त्याची कथा अशी की इथं लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बीळ करून राहायचा. विष्णू सुंदर तरुण होऊन आला, दैत्याच्या दोन बहिणींना त्यानं भुलवलं, त्यांच्याकडून भावाचा पत्ता काढला, बिळावरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. त्याचं रक्त म्हणजे तळ्याचं पाणी, आणि त्याचं मांस म्हणजे तो खार.

आता ही कथा जोतीरावांच्या डोळ्यांनी वाचा. १८७३ साली 'गुलामगिरी'त जोतीरावांनी विष्णूचे अवतार एकेक करून सोलले. बाहेरून आलेल्यांनी इथल्या मूळ धन्यांना कपटानं मारलं आणि मग त्या कपटाला देवत्व दिलं, हे दाखवलं. लोणारची कथा त्या साच्यातून काढल्यासारखी आहे. लवण म्हणजे मीठ. लवणासुर म्हणजे मिठाचा धनी. धन्याला मारला, घरभेद करून मारला, आणि त्याचं मांस पिढ्यान् पिढ्या विकून खाल्लं. मारणाऱ्याचं देऊळ झालं, मेलेल्याचं पापडखार. पुराणाला इतिहास मानायचं कारण नाही हे मलाही कळतं. पण पुराण रचणाऱ्याला मालमत्तेचा वाद कळत होता एवढं तर यातून दिसतंच.

खार तयार कसा होतो ते बघू, म्हणजे काढायला काय पडत असेल ते कळेल. पावसाचं पाणी पाषाणावरून झिरपतं, पाषाणातला सोडियम थोडा थोडा घेऊन तळ्यात उतरतं. तळ्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी येतं ते फक्त उन्हानं वर जातं, क्षार मागं राहतो. हजारो वर्षं असं चाललं. पाण्याचा अल्क दहाच्या घरात गेला. रसायनवाले त्याला पीएच म्हणतात, साधं पाणी सातचं. एवढ्या अल्कात कातडीवरचं तेल साबणासारखं फेसाळून निघून जातं. मग कातडी कोरडी पडते, चिरते, आणि चिरेत तोच क्षार परत शिरतो. ज्यानं कपड्याच्या सोड्यात दिवसभर हात घातलेत त्याला हे सांगायला नको. हे पाणी मात्र कंबरेएवढं, आणि दिवस चैत्र-वैशाखाचे.

कारण हंगाम उन्हाळ्याचा. पाणी मागं सरकलं की काठाच्या मातीवर पांढरं फुटतं, आणि तळच्या चिखलात खाराचे थर बसतात. काठावरचं खरवडून काढायचं. चिखलातलं काढायला आत जावं लागतं, पायानं चाचपावं लागतं, हातानं उचकटावं लागतं. मग काठाला ढीग, वाळवण, निवड. आणि मग तो माल डोक्यावर नाहीतर जनावराच्या पाठीवर घालून वाडग्याच्या काठावर चढवायचा. रिकाम्या हातानं तो चढ चढून बघा एकदा. पर्यटक मधे तीनदा बसतात.

काढलेला खार एक जातीचा नव्हता. डल्ला, निमक-डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्याची नावं. डल्ला म्हणजे ढेकूळ. निमक-डल्ला म्हणजे ज्यात साधं मीठ जास्त. पापडी म्हणजे पापुद्र्याचा. भुसकी म्हणजे भुसभुशीत, काठच्या मातीतला. कुठला काचेला चालतो, कुठला कपड्याला, कुठला खायला, हे बोटाला लावून, जिभेला लावून ओळखायचं. ही नावं मला फार मोठी गोष्ट वाटतात. कारण पुढं गोरे साहेब आले, बाटल्या आणि तराजू घेऊन. १९१० साली नेल्सननं बुलढाण्याचं गॅझेटियर काढलं. १९१२ साली भूगर्भ खात्याच्या ला टूश आणि ख्रिस्टी ह्या दोघांनी लोणारच्या तळ्यावर आणि त्याच्या सोड्यावर लेख छापला. ख्रिस्टी रसायनाचा माणूस. पृथक्करण झालं, टक्केवारी झाली. पण माल ओळखायला साहेबांना नावं कुठली लागली? डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. म्हणजे वर्गवारी आधीच झाली होती. ती कोणी केली? जो चिखलात उभा होता त्यानं. प्रयोगशाळेनं फक्त तिच्यावर आकडे चढवले. शास्त्रज्ञाचं नाव लेखावर आलं आणि पहिल्या शास्त्रज्ञाचं नाव खाराबरोबर विरघळलं.

चिखलात कोण उतरत असेल? हे सांगायला गॅझेटियर लागत नाही. ज्याच्या घरी बैल आहे तो उन्हाळ्यात नांगरट करतो. ज्याच्या घरी धान्य आहे तो ओसरीवर पडतो. ज्याला शेत नाही, बैल नाही आणि ज्याची बलुत्याची भाकर उन्हाळ्यात आटते, तो जिथं रोज मिळेल तिथं जातो. गावकुसाबाहेरचा माणूस, डोंगरातला माणूस, गरीब मुसलमान, कर्जात बुडालेला कुणबी. डोक्यावरची पाटी म्हटली की बाया आल्याच. पोरंही आली.

आणि वरती मक्ता. निजामाच्या राज्यात वऱ्हाडचा वसूलच मक्त्यानं दिला जायचा. पुरणमल, पेस्तनजी अशा बड्या सावकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात अख्खे परगणे इजाऱ्यानं घेतले होते. जिथं परगणा मक्त्यानं जातो तिथं तळं काय मोठं! १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला, मक्ता घेणाऱ्यावरचा साहेब बदलला. मक्त्याचा हिशेब सोपा असतो. सरकारला एवढे दिले, बाजारात एवढे आले, मधलं अंतर मजुराच्या अंगातून काढायचं. आज ऊसतोडीचा मुकादम हाच हिशेब करतो, वीटभट्टीचा मालकही हाच.

आता एक गंमत सांगतो, जी आजवर कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. लोणारला दोन पाणी आहेत. एक तळ्याचं खारं. दुसरं धारेचं गोड. वाडग्याच्या उतारावर गोमुखातून बारमाही धार पडते, यात्रेकरू तिथं अंघोळ करतात, पुण्य मिळवतात. गोड्या पाण्याचा आणि आपला इतिहास काय आहे तो २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी जगाला दाखवला. ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली. पण खाऱ्या पाण्यात उतरायला ह्या देशात कधी कुणाला शास्त्रानं अडवलं? एक श्लोक दाखवा. तिथं विटाळ नाही, सोवळं नाही. पाणी बाटतं ते प्यायचं असेल तर. कातडी सोलणारं असेल तर ते सगळ्यांना मोकळं!

आणि विटाळाचा दुसरा अध्याय स्वयंपाकघरात. पापडखार घातल्याशिवाय पापड फुलत नाही. वैशाखात अंगणात वाळवणं घालायची, कावळा बसू द्यायचा नाही, कुणाची सावली पडू द्यायची नाही. त्या पिठात जो खार मळला, तो कुणाच्या पायाखालून आला होता? कुणाच्या घामात वाळला होता? बांगडीचंही तेच. वाळू वितळवायला काचेला सोडा लागतो. त्याच्याशिवाय भट्टीचा ताव पुरत नाही. हिरवा चुडा, सौभाग्याचं लेणं, त्यात लोणारच्या चिखलाचा वाटा आहे. कपडा धुवायला परटाला खार, रंग पक्का करायला रंगाऱ्याला खार. अख्खं शुद्ध गाव ह्या चिखलावर उजळ झालं. मनूला हे रसायन ठाऊक नव्हतं, नाहीतर त्यानं पापडावर प्रायश्चित्त लावलं असतं.

हा धंदा बुडाला तो विलायतेत. तिकडं सॉल्वे नावाच्या बेल्जियन माणसानं १८६० च्या दशकात मीठ आणि चुनखडीपासून सोडा करायची स्वस्त रीत काढली. १८७३ साली इंग्लंडात ब्रुनर मॉन्ड कंपनी उभी राहिली. (त्याच वर्षी 'गुलामगिरी' आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज. योगायोग आहे, पण बरा आहे.) कंपनीचा सोडा जहाजानं मुंबईला, मुंबईहून आगगाडीनं मलकापूर, नांदुरा, शेगाव. आगगाडी वऱ्हाडात आली होती ती कापूस न्यायला. खामगावच्या बाजारासाठी जलंबपासून वेगळा फाटा १८७० साली टाकला. जाताना कापूस, येताना कापड आणि कापड धुवायचा सोडा. लोणारचा खार स्टेशनापासून लांब, घाट चढून गाडीनं न्यायचा. तो कसला टिकतो! पुढं आफ्रिकेत केनियातलं मगाडी तळं, तेही लोणारसारखंच सोड्याचं, १९११ पासून कंपनीच्या हाती गेलं. मसाई लोकांचं रान ते. त्याच वर्षी मसाईंना त्यांच्या उत्तरेकडच्या कुरणातून हुसकायचा दुसरा करार झाला. १९३९ साली टाटांनी काठेवाडात मिठापूरला कारखाना काढला, आणि २००५-०६ च्या सुमारास त्याच टाटांनी ब्रुनर मॉन्ड विकत घेतली, मगाडीसकट. लोहाऱ्याच्या लोखंडापासून सुरू झालेली गोष्ट फिरून सोड्याच्या तळ्यापाशी आली. भांडवलाला वंशावळ असते, सातबारा असतो. मजुराला हजेरीपट, तोही उधईनं खाल्लेला.

चिखलातली माणसं कुठं गेली? जिथं वऱ्हाडचा सगळा भूमिहीन गेला तिथं. खामगाव-शेगावच्या जिनांत, प्रेसांत, रेल्वेच्या रुळावर, मुंबईच्या गोदीत. पाय चिखलातून निघाला आणि सरकीच्या धुळीत छाती अडकली.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबादच्या कोळसा खाणीत गेले. जानेवारी १९४४ मध्ये कोळसा खाणकामगारांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचा कायदा सुधारला गेला. त्या वाटेनं पुढं १९६१ साली लोखंडाच्या खाणीतल्या मजुरांसाठीही उपकराचा कायदा झाला. लोणारच्या माणसाला हे काही लागू पडलं नाही. तोवर खाराचा बाजार उतरला होता, आणि चिखलाला खाण म्हणायची सवय कुणाला नव्हती.

संघटना असली की काय फरक पडतो ते एका उदाहरणानं सांगतो. छत्तीसगडात दल्ली-राजहरा ही भिलाईच्या पोलादाची लोखंडाची खाण. १९७७ साली तिथल्या ठेक्यावरच्या मजुरांनी शंकर गुहा नियोगींना घेऊन आपली युनियन काढली. २ आणि ३ जून १९७७ ला पोलिसांनी गोळीबार केला, अकरा मेले. त्यात अनसूयाबाई होती, सुदामा नावाचं पोर होतं. ही नावं आज आपल्याला ठाऊक आहेत, कारण युनियननं ती धरून ठेवली, दरवर्षी शहीददिन पाळला, आपल्या पैशानं दवाखाना बांधून त्याला शहीदांचं नाव दिलं. मरण सगळीकडं स्वस्त होतं. नाव टिकवायला लाल-हिरवा झेंडा लागला.

लोणारचं नाव पुढं वेगळ्याच कारणानं मोठं झालं. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं हे विवर पाहिल्याची नोंद केली. पुढची दीडशे वर्षं विद्वान भांडत होते, ज्वालामुखी की उल्का. १९७३ साली अमेरिकेच्या 'सायन्स' नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचा लेख आला. भोकं पाडून काढलेल्या खडकात आघातानं काच झालेले कण सापडले आणि उल्काच हे ठरलं. शोध मोठा आहे, त्याला सलाम. पण ते साल आठवा. १९७२ चा दुष्काळ. इकडं विज्ञान खडकाचे तुकडे करून काचेचे कण शोधत होतं, तिकडं महाराष्ट्रभर लाखो भूमिहीन दुष्काळी कामावर खडी फोडत होते, सुकडीवर जगत होते. दगड दोघंही फोडत होते.

आता तिथं २००० सालापासून अभयारण्य आहे, नोव्हेंबर २०२० पासून रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत तळ्याचं नाव आहे. जून २०२० मध्ये पाणी एकदम गुलाबी झालं तेव्हा दिल्ली-मुंबईचे कॅमेरे धावले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंचा तो रंग. त्याआधी काही लोकांनी लवणासुराचं रक्त म्हणून हात जोडलेच होते. म्हटलं, चला, धन्याची आठवण तरी झाली.

लोणार जिल्ह्याच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला, घाटाखाली, पूर्णेचं खोरं. तिथंही खार. जमिनीखालचं पाणीच खारं, म्हणून त्या पट्ट्याला खारपाण म्हणतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय. जुन्या काळी तिथं खोल विहिरी खणून, खारं पाणी वर काढून, उन्हात आटवून मीठ करीत. विहिरीचं पाणी काढायचं म्हणजे मोट आली. मोट म्हणजे चामडं. चामडं म्हणजे आपला हात. इंग्रजाला मिठाचा कर हवा होता, समुद्राचं मीठ विकायचं होतं. वऱ्हाडातलं हे मीठ त्यानं बंद पाडलं. १९३० साली गांधींच्या मागून वऱ्हाडातल्या काँग्रेसवाल्यांनी दहीहंड्याला मिठाचा सत्याग्रह केला तो ह्याच पट्ट्यात, अकोला जिल्ह्यात. त्याच वर्षी २ मार्चपासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होता. मिठासाठी तुरुंगात गेलेल्यांपैकी किती जण नाशिकच्या बाजूनं बोलले, हा प्रश्न आजही विचारायला हरकत नाही.

मीठ करणं बंद झालं, पण खार कुठं जातो! तो हापशातून यायला लागला. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत किडनीचे रोगी गावोगाव आहेत. ह्या दोन तालुक्यांसाठी वान धरणाचं गोड पाणी आणायची १४० गावांची योजना झाली. ज्याच्याकडं पैसा आहे तो पाण्याचा जार विकत घेतो. नळ कोरडा राहिला की ज्याच्याकडं नाही तो परत हापशावर. इथंही तेच : गोडं पाणी मोजून, खारं पाणी मोकळं.

ज्या घरांत अजून खुप्पल, भुसकी हे शब्द बोलले जातात, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी लोणारच्या उतारावरून पाट्या वाहिल्याचं घरात सांगितलं जातं, त्यांनी ते लिहून ह्या अंकाच्या पत्त्यावर पाठवावं. किती रोज मिळायचा, मुकादम कोण असायचा, पायाला काय लावायचे, गोमुखाच्या धारेवर पाणी प्यायला मिळायचं की नाही. शुद्धलेखनाची काळजी करू नये. पोस्टकार्ड चालेल.